त्या वेलाची दुधी

प्रिय बुद्धप्रिया,

आधी एवढं कर. हे पत्र हातात आहे तशीच मागल्या दारी जा आणि तुझ्या अण्णांना सांग, महानंदाच्या बियाच्या वेलाची दुधी कुणी तोडायची नाही. भाजी नाही, रस नाही, शेळीच्या पुढ्यातसुद्धा टाकायची नाही. तोडून ठेवली असलीस तर तशीच राहू दे, सुरी लावू नकोस. जा बाई, आधी जा. मग बसून पुढचं वाच.

हे दवाखान्यात आहेत. त्या दुधीचा रस पिऊन. मी अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या पायरीवर बसून लिहिते आहे. फोन केला असता, पण माझा फोन चन्नप्पाभावजींनी घेतलाय. डॉक्टरांचे फोन येतील, तुम्ही गोंधळून जाल, म्हणाले. आता मागितला की चार्जिंगला लावलाय म्हणतात. आणि नंबर पाठ कुणाचा असतो गं आजकाल? शेजारच्या खाटेवरच्या आजींचा मुलगा अजिनाथ तुमच्या करकंबचाच निघाला, आज घरी चाललाय. कागदही त्याच्याकडूनच घेतला, पत्रही त्याच्याच हाती देते.

जानेवारीत तू आली होतीस ते आठवतंय? वाफे नुसते उकरून ठेवले होते, आणि तू म्हणालीस, नळाला पाणी चार-पाच दिवसांआड आणि हिला भाज्या पिकवायच्यात! मी म्हटलं, भांडी धुतलेलं पाणी आहे की, सोलापूरच्या बाईला पाणी पुरवायला शिकवू नकोस. तुझ्यादेखत गवार टोकली, भेंडी टोकली, दोडक्याला काटक्या लावल्या. आणि गेल्या सालच्या दुधीचं बी वर्तमानपत्रात बांधून निम्मं तुला दिलं. किती मिरवले होते मी त्या बियावर! वेलावरची सगळ्यांत थोराड दुधी बियाला राखलेली, माडीवर वाळवलेली, राखेत घोळून ठेवलेली. विकतचं बी लावायचं नाही हा माझा तोरा तुला ठाऊकच आहे. शिमग्याला वेल मांडवावर गेला, पाडव्याला फळं लोंबायला लागली. तूही फोटो पाठवलास, तुझ्या मांडवावर दोन धरल्यात म्हणून. मी तुला लिहिलं होतं, अण्णांना कोवळी असतानाच घाल, दात नाहीत त्यांना. म्हणून तर तुला आधी मागल्या दारी धाडलं.

गेल्या साली आमच्या शेजारच्या चांदसाबचाचांनी हौस म्हणून तंबोऱ्याच्या भोपळ्याचा वेल लावला होता. पंढरपूरकडून बी आणलेलं. हा लई कडू असतो, तोंडात धरवत नाही, त्याची नुसती वाद्यं करायची. वेल भिंतीवरून आमच्याकडं उतरला, पांढरी फुलं आमच्या दुधीच्या फुलांत मिसळली. आम्ही दोघंही कौतुकानं बघत उभे राहायचो. आता चाचा सांगतात, दोन्ही एकाच जातीची. फुलांची भुकटी इकडची तिकडं झाली की त्या साली फळ गोडच लागतं, पण त्याच्या बियात कडूपणा उतरतो. म्हणजे मी राखेत घोळून जपलं ते हे.

ह्यांची साखर वाढली तेव्हापासून सकाळी रस असतो, कधी कारल्याचा, कधी दुधीचा. त्या दिवशी वेलाची पहिली दुधी काढली. माझी आई दुधी चिरताना देठाकडची चकती आधी जिभेला लावायची. मीही लावते नेहमी. त्या दिवशी ह्यांची वर्कशॉपला जायची घाई, मी थेट मिक्सरला लावली. एक घोट घेऊन हे म्हणाले, कडू जहर लागतंय. आणि मी काय म्हणावं? कडू म्हणजेच औषध, कारलं पिताना तोंड वाकडं करत नाही, मग आताच काय झालं, नाक दाबा आणि प्या. बुद्धप्रिया, मी समोर उभं राहून पेला रिकामा करून घेतला. साखरेला कडू चांगलंच, असं आपल्याकडं कोण म्हणत नाही सांग? चपला घालायच्या आत ओकाऱ्या सुरू झाल्या. मग रक्त पडलं. रिक्षात माझ्या मांडीवर मान टाकली तेव्हा वाटलं, गेलं सगळं.

सासूबाईंनी ते सगळं ऐकलं होतं, मी नाक दाबा म्हणालेलंसुद्धा.

आता आणखी एक ऐक. पाडव्याला घरात रान उठलं होतं. भावजींना परसात खोली बांधायची आहे, ह्यांनी मला न विचारता हो म्हटलं, आणि माझं तोंड तुला माहीत आहे. पाहुण्यांदेखत मी म्हणाले, माझ्या वेलांना हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे. रागात बोलतं की माणूस! पण आता तेच वाक्य प्रत्येकाच्या डोळ्यांत दिसतं. वर मी केलेला शहाणपणा ऐक. दवाखान्यातून कपडे न्यायला घरी गेले, वेल नजरेला पडला आणि डोकंच फिरलं. मुळासकट उपटला. फळं, उरलेला रस, मिक्सरमधला चोथा, जे मिळालं ते घंटागाडीत टाकून आले. त्याच सकाळी डॉक्टरांनी विचारलं, त्या दुधीचा तुकडा असेल तर आणा, तपासायला पाठवू. मी म्हटलं, टाकली. भावजी म्हणाले, एवढ्या घाईनं का टाकली वहिनी? घाबरले होते म्हणून टाकली, हे कुणाला पटेल?

तेव्हापासून सासूबाई माझ्या हातचा चहा घेत नाहीत. मी कप पुढं केला की म्हणतात, नको, पित्त झालंय. मग खालून कॅन्टीनचा मागवतात. जावेशी कानडीत बोलतात, मला कळत नाही असं समजून. इतकी वर्षं त्या घरात काढली, कळत नाही व्हय मला? चौकी, पंचनामा हे शब्द तर कुठल्याही भाषेत सारखेच. चाचा बिचारे सांगायला आले होते, तर भावजींनी दारातूनच वाटेला लावलं, शेजारी शेजाऱ्याचीच बाजू घेणार म्हणाले. मला भीती वाटते गं. बूट वाजले की पोलीसच आले वाटतं. भिंतीला पाठ लावून बसते. आपल्याच माणसांत अशी बसेन, असं स्वप्नातही नव्हतं.

आज सकाळी हे शुद्धीवर आले. डॉक्टर म्हणाले, जिवावरचं टळलं, दोन घोट पाणी द्या. मला रडूच आलं. आत गेले, चमच्यानं पाणी ओठांशी नेलं. त्यांनी चमच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग मान वळवून आईला शोधायला लागले. सासूबाईंनी माझ्या हातातून चमचा घेतला, आणि त्यांच्या हातून हे प्यायले. चौकीला मी तोंड देईन, भावजींना देईन. पण ती वळलेली मान मला सोसवत नाही. म्हणून हे पत्र. माझा वेल गेला, त्याच बियाचा तुझाच तेवढा उरलाय. दोन्ही दुध्या देठासकट घेऊन ये, एक डॉक्टरांना द्यायला आणि एक माझ्यासाठी. ह्यांच्यासमोर चिरून तिची चकती मी जिभेला लावणार आहे, त्यांना माझं तोंड बघू दे. आणि खरं सांगू? सकाळपासून देवाकडं एकच मागणं मागते आहे, तुझ्याही वेलाला जहरच येऊ दे. ज्या घरात अण्णा जेवतात त्या घराच्या वेलाला! कुठल्या थराला आले बघ मी. पण ती गोड निघाली तर? तसंही होतं, चाचा म्हणाले, एकाच फळाच्या बियांत एक वेल कडू तर एक गोड. गोड निघाली तर माझं खरं मानणारं इथं कुणी उरणार नाही. तरी ये. तेव्हा तर जास्तच ये, आणि माझ्या हातचं पाणी पी.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच महानंदा