भुऱ्याला शोधू नका

अहो,

भुऱ्याला शेजारी दगडाबाईंकडं ठेवलंय. तुमच्या हाती सोडून कामावर जायला मन धजलं नाय.

सकाळी त्यानं रामची कॉलर धरून ओढलं, पोरगं रडलं, त्या गोंधळात शाळेची रिक्षा गेली. तुम्ही झोपेतून उठून आलात अन् मुक्या जनावराला चपलेनं बदडलं. वर "आजच गावी सोडून येतो" म्हणालात.

आता ऐका. रातपाळीहून येताना गेट तुम्हीच उघडं टाकलं होतं. राम पळत बाहेर गेला तेव्हा पाण्याचा टँकर रिव्हर्स येत होता. मी डबे हातात घेऊन नुसती ओरडले. धावलं ते कुत्रं. तुमच्याच बापाच्या मेंढरांत वाढलंय. कोकरू कळप सोडून वाटेवर गेलं की ते असंच धरून आणतं. हे मी तुम्हाला सांगायचं?

रामच्या मानेवर साधा ओरखडा नाय. भुऱ्या मात्र लंगडतोय.

बूट घालताना प्रांजली हळूच म्हणाली, "मम्मी, माझं चुकलं तर पप्पा मलापण गावी सोडतील?"

संध्याकाळी भुऱ्याला घेऊन येते. त्याच्यासमोर तिला जवाब तुम्ही द्यायचा.

गेटला कडी लावा.

अक्षदा