आबांचा जीव माझ्या लग्नात

लिंबायत, सुरत

निर्मलाताई,
पाया पडतो. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. आबांच्या घशाखाली पेज उतरते का?

काल कारखान्यात रामदासभाऊ म्हणाले, "कॅन्सर बरा होणारच नसेल, तर सुई देऊन सोडवायचा कायदा पाहिजे." मी त्यांची कॉलरच धरली. पण परवा फोनवर आबाही तेच म्हणाले, "सोडव रे मला." मी घाबरून फोन ठेवला.

तू म्हणतेस, आबांचा जीव माझ्या लग्नात अडकलाय, उज्ज्वलाला दाखवायला आण. ती तर पेटीतून नवी साडी काढून तयार बसलीय. तिला पाहिल्याशिवाय माझा दिवस जात नाही, तरी पाय उचलत नाही. तिला बघून आबांनी समाधानानं डोळे मिटले, तर सुई मीच दिली ना?

ताई, आणू का तिला?

तुझा भाऊ,
हेमराज