नसलेल्या घरातून साडूभाऊंना

आदरणीय साडूभाऊ यांना नमस्कार.

तुमची तब्येत छान असेल आणि ताईंची कंबर आता त्यांचं ऐकत असेल, अशी आशा करतो. आमच्याकडे सगळं ठीक आहे, फक्त तुमच्या दवाखान्याच्या लेखी आमचं घर जगातच नाही.

सासूबाईंना पेसमेकर बसवला तेव्हा तुम्ही ज्याचं नेटवर्क सांभाळता त्याच दवाखान्याने उशाशी ठेवायला एक डबा दिला. तो रोज संध्याकाळी ठोक्यांची नोंद इंटरनेटवरून तुमच्याकडे पाठवतो. पोहोचली तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. मध्यंतरी आमच्या नेटवाल्यांनी गिऱ्हाइकं वाढली म्हणून नवे पत्ते घेतले (घरांचे नव्हेत, इंटरनेटवरचे आकड्यांचे; तुम्हाला हे सांगणं म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकवणं), आणि तेव्हापासून दिवा लाल. मी वायर बदलली, नेटवाल्यांशी भांडलो, मग हिच्याशीही भांडलो (तिचा संबंध नव्हता, पण समोर होती). बाकी सारं जग उघडत होतं, तुमचा दवाखाना तेवढा दार लावून बसलेला. तुम्हाला फोन केला तर म्हणालात, आमच्याकडे सगळं चोख आहे, दोष तुमच्या घरात असणार.

शेवटी नेटवाल्यांच्या इंजिनियरने छडा लावला. आठवतंय, एकदा जेवताना तुम्ही ऐटीत सांगितलं होतं, की जे पत्ते अजून कुणालाच दिलेले नाहीत त्यांची यादी करून तुम्ही दवाखान्याच्या नेटवर्कच्या दाराशी बसवली आहे, तिथून कुणी आलाच तर तो चोर? मीही मान डोलावली होती (कळलं काहीच नव्हतं). पुढे ते पत्ते वाटले गेले, यादी मात्र जागची हलली नाही. त्यातलाच एक आमच्या वाट्याला आला. म्हणजे तुमच्या हिशेबी आपल्या सासूबाई रोज संध्याकाळी चोरी करायला येतात.

कोपऱ्यावरच्या शिंप्याचं कनेक्शन जुन्या कंपनीचं (पत्ताही जुना, तुमच्या यादीत नसलेला), म्हणून त्या डबा पोटाशी धरून त्याच्या दुकानात बसू लागल्या. हिरवा दिवा लागला की (त्याच्या शिवणीतल्या दोन चुका दाखवून) परत. परवा दुकान बंद होतं. एका दिवसाने काय होतंय, म्हणाल्या. जेवायला बसताना त्यांना घेरी आली, हात गार पडले. थोड्या वेळाने हसल्या, म्हणून आम्हीही हसलो. काल नोंद गेल्यावर तुमच्या डॉक्टरांचा फोन आला.

"परवा ठोके चुकत होते. कळवलं का नाही?"

काय उत्तर देऊ, साडूभाऊ? डबा सांगत होता, तुमचं दार ऐकत नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि आता एकही दिवस चुकता कामा नये असं बजावलं. माझी तर गाळण उडाली आहे. ही आईच्या उशाशी बसून नुसती तिच्या छातीकडे बघत असते.

बाकी आमची काही तक्रार नाही. ताईंना नमस्कार.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. ती यादी कृपया आजच काढा. आधी ईमेलच केली होती, पण तुमच्या दारातून तीही परत आली.

पुन्हा ता. क. शिंपी स्वस्त पडतं म्हणून आमच्याच नेटवाल्यांकडे आला. आज त्याच्याकडेही लाल.

शेवटचा ता. क. तुमच्या घरचं कनेक्शन जुनं आहे, असं ताईंकडून कळलं. हे पत्र ज्यांनी तुमच्या हातात दिलं, त्यांच्या पिशवीत डबा आहे. आधी त्यांना खुर्ची द्या, मग डबा लावा. यादी निघेपर्यंत त्या तुमच्याकडेच राहणार आहेत (तुमच्या स्वयंपाकघराविषयी त्यांची काही मतं आहेत). मी फाटकाबाहेर गाडीत बसलो आहे, वर यायची हिंमत नाही. हिरवा दिवा लागला की खिडकीतून हात दाखवा. तोवर मी हलणार नाही.