बमरोलीच्या रस्त्यावरची रेसिंग

मंदाच्या बाबांना,

आखाजी, पितरांना जेवू घालायची अक्षय्य तृतीया, परवावर आली. आमंत्रण द्यायला हवं, पण लिहायला बसले ती भांडायला. काल मंदा गुडघा फोडून घरी आली. कुठे पडली? खाडीच्या वळणावर, तुम्हाला ट्रकने उडवलं तिथेच!

"आई, कोनीतरी मना बाजूले सायकल चालाडस. घंटी वाजाडस. दखं ते कोनीच नई," म्हणाली. सायकल तुमचीच, दुरुस्त करून ती कॉलेजला नेते. घंटी अपघातात तुटली, ती आम्ही परत बसवलीच नाही. मग वाजतं काय?

गावाकडे शर्यत म्हणजे बैलांची. सुरतला येऊन तुम्ही रेसिंग हा शब्द शिकलात आणि दिसेल त्याला लावलात. शेजारच्या यंत्रमागवाल्याशी कापड विणायची रेसिंग, माझ्याशी भाकरीची रेसिंग! मी थापायच्या, तुम्ही खायच्या. मी "हारले" म्हटल्याशिवाय ताटावरून उठायचात तरी का?

मंदाला मात्र त्या वळणावर मुद्दाम जिंकू द्यायचात. आता का देत नाही? बाजूचा तो रोज जास्त जोरात सायकल पळवतो, म्हणते ती. आणि सांगताना हसते हो! त्या हसण्याची मला भीती वाटते.

गेल्या आखाजीला तुमची पहिली घागर गावी भरली. भाऊजी म्हणाले, पितर गावच्याच घरी येतात. निखाऱ्यावर तुमच्या नावाचा घास ठेवला, तूप सोडलं, पण नुसता धूर. जाळ उठला तर पितर जेवले म्हणायचं, तो काही उठेना. सगळे म्हणाले, गोवऱ्या ओल्या असतील. वैशाखात ओल्या गोवऱ्या? तुम्ही तिथे आलाच नव्हतात. बमरोलीच्या मागांवर जन्म काढलेला माणूस गावी कशाला जाईल? आम्ही जेवायला तिकडे बोलावत होतो आणि तुम्ही इथे उपाशी सायकल मारत होतात.

यंदा घागर आपल्या खोलीतच भरते. खरबूज आणते, सांजोऱ्या करते. सायकल दाराशी टेकवा आणि सावकाश जेवा. पण मंदाला सोडा. ती एकच आहे हो मला!

रेसिंगची एवढीच हौस असेल तर मी आहे ना. तिचं शिक्षण होऊ द्या, तिला तिच्या घरी सुखाने नांदू द्या. मग त्या वळणावर मी स्वतः येते, हे माझं वचन. तेव्हा मात्र "हारले" म्हणणार नाही.

तुमचीच,
यमुना