शुक्रवारचा तास आणि माझी इतर मालमत्ता

मी, जानराव पुंजाजी अवचार, वय वर्षे एकसष्ट, पूर्वी हायस्कुलात शिक्षक, सध्या काही नाही, राहणार जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे असे डॉक्टर म्हणतात. मी गोंधळलेला आहे असे माझी पत्नी अन्नपूर्णाबाई म्हणतात. दोघांचेही खरे आहे. गोंधळलेल्या माणसाने मृत्युपत्र करू नये असे मला कायद्यात कुठे सापडले नाही. मला कोणी नशापाणी करवलेले नाही, दम दिलेला नाही. चिरंजीव वामन याने आग्रह केला, पण आग्रह दमात मोडत नाही.

वामनने मेहकरच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडून एक मृत्युपत्र लिहूनच आणले होते. फक्त माझी सही बाकी होती. त्यात एक ओळ होती: ‘मुलीस लग्नात सर्व काही दिले असल्याने तिचा हक्क राहिलेला नाही.’ त्या ओळीपाशी मी थांबलो तो तीन आठवडे थांबलोच. मग हा कोरा कागद घेतला.

कलम १. जानेफळ येथील माझे तीन खोल्यांचे घर अन्नपूर्णाबाईंनी हयात असेपर्यंत वापरावे. त्यांच्यामागे ते वामन आणि चिखलीला दिलेली माझी कन्या कौशल्या या दोघांचे, निम्मे-निम्मे. पोस्टातली शिल्लक अन्नपूर्णाबाईंची. ती त्यांनीच राखली, पासबुकावर नाव तेवढे माझे आहे.

कलम २. जानेफळ शिवारातले साडेचार एकर वावर वडिलोपार्जित नाही, नोकरीत असताना मी घेतलेले आहे. वामन ते कसतो, म्हणून त्याला जास्त द्यावे असे मला सकाळी वाटते. कौशल्येने कधी काही मागितले नाही, म्हणून तिलाच जास्त द्यावे असे दुपारी वाटते. समान लिहितो. तिच्याकडून कोणीही हक्कसोडपत्र करून घेऊ नये. हे वाक्य मी का लिहिले ते कलम ४ मध्ये येईल.

कलम ३. माझी नागरिकशास्त्राची पुस्तके हायस्कुलाला द्यावीत. ती जुनी झाली आहेत. मी एकाच खुर्चीत बसून मुलांना तीन राज्ये शिकवली. आधी राजधानी नागपूर होती, मग मुंबई झाली, मग मुंबईच राहिली पण राज्य बदलले. दरवेळी मी तितक्याच खात्रीने शिकवले. रॉकेलच्या डब्याची केलेली मतपेटीही हायस्कुलाला द्यावी. अकरावीत मॉनिटरची निवडणूक आम्ही तिच्यात घेत असू. एका वर्षी वर्गात एक्केचाळीस मुले होती आणि मते त्रेचाळीस निघाली. कशी, ते मला अजून कळलेले नाही.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही, पण याच्याशिवाय बाकीची समजणार नाहीत.

अकरावीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गाला मी शुक्रवारी शेवटचा तास व्यवहाराचा घेत असे. तो वेळापत्रकात नव्हता. ही मुले वर्षभरात शाळा सोडून जगात जाणार, आणि त्यांना अकबराची सनावळी पाठ पण मनिऑर्डरचा फॉर्म भरता येत नाही, हे मला बघवत नसे. तहसीलला अर्ज कसा लिहावा, पावती का मागावी, मत कसे द्यावे, आणि वाचल्याशिवाय कशावरही सही का करू नये, हे मी शिकवत असे. पुढच्या बाकावर बना बसे. गावातल्या शेतकरी नारायणरावांची मुलगी. शाळेत उशिरा घातलेली, त्यामुळे अकरावीतच अठरा पूर्ण.

बासष्ट साली, परीक्षेला महिना राहिला असताना नारायणराव वारले. मृत्युपत्र केलेले नव्हते. छप्पनच्या नव्या वारसा कायद्याने बनाचाही हिस्सा निघत होता. थोरला भाऊ शेषराव हक्कसोडपत्र लिहवून घेऊन आला आणि बोट ठेवून म्हणाला, इथे सही कर. बनाने कागद हातात घेतला, उभ्या उभ्या पूर्ण वाचला आणि परत दिला.

संध्याकाळी शेषराव माझ्या ओट्यावर आला. तो शाळेच्या कमिटीवर होता.

“मास्तर, आमी पोरीले शिकाले धाडलं. घरात वकील बसवाले नाही धाडलं.”

मी त्याला बसायला चटई टाकली.

“तुमीच शिकवलं, आता तुमीच समजावा. तिचं शिक्षण, लगन, समदं मीच करीन. अकोल्याले ट्रेनिंगले धाडतो मी तिले. बोला, काऊन बोलून नाही राह्यले?”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. बना धान्य निवडत होती. मी म्हणालो, “बना, करून टाक सही. भावाचं घर म्हणजे तुझं माहेर. माहेर तुटलं तर जाशील कुठं?”

ती म्हणाली, “सर, मंग शुक्रवारच्या तासाले जे सांगतलं, ते काय होतं?”

मी म्हणालो, “ते परीक्षेपुरतं होतं.”

तिने हात झटकले, पदराला पुसले आणि सही केली. या वेळी कागद वाचला नाही. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली.

मी हे शेषरावच्या भीतीने केले, की माहेर तुटू नये असे मला खरेच वाटत होते म्हणून, हे सहा वर्षे मी स्वतःला विचारतो आहे. एक उत्तर ठरवले की दुसरे खरे वाटू लागते. त्यानंतर शुक्रवारचा तास मी घेतला नाही. कोणी विचारलेही नाही.

बना मॅट्रिक झाली. नागरिकशास्त्रात वर्गात पहिली. शेषरावने तिला अकोल्याला पाठवले नाही. दोन वर्षांत भावजयीशी पटेनासे झाले आणि माहेर तुटायचे ते तुटलेच. मग ती मामाच्या आधाराने ग्रामसेविकेचे ट्रेनिंग करून आली. सध्या मोताळा तालुक्यात धामणगाव बढे येथे नोकरीला आहे.

कलम ५. शेषराव माझ्या तेराव्याला येतील. त्यांना पाटावर बसवून पोटभर जेवू घालावे. मात्र दोन शब्द बोलायला उभे करू नये. ते फार चांगले बोलतात.

कलम ६. बनाला एक एकर द्यावे असे माझ्या मनात होते. तिला विचारावे म्हणून मी मागच्या शनिवारी मेहकरहून बसने निघालो, दोन ठिकाणी बस बदलून धामणगावला पोचलो. तिने पाणी दिले, पाया पडली. मी वावराचे बोललो.

“सर, तुमच्या वावरावर माहा कायचा हक्क? ते कौशल्याताईचं आहे.”

“माझ्यामुळे तुझं गेलं, बना.”

“गेलं ते खरं,” ती म्हणाली. “पन तुमच्यामुळं का दादामुळं, ते मी आता नाही मोजत.”

तू मला माफ केलेस का, असे मी विचारले. तिने घड्याळ पाहिले. “चार वाजता पोरी शिकाले येतात. अकरावीच्या आहेत, परीक्षा जवळ आली. तुमी बसा अन् त्याईले शिकवा.” हे हो होते की नाही, मला कळले नाही. परतीच्या बसमध्येही कळले नाही.

सात मुली आल्या. मी घसा साफ करून जुनेच सुरू केले. मतदान, पावती, अर्ज, सही. जमले. आवाजही चांगला लागला. तेवढ्यात कडेची एक मुलगी उभी राहिली. मनकर्णा तिचे नाव.

“सर, सई नाही केली अन् भावानं घराबाहेर काढलं, तं मंग त्याच दिशी जायाचं कुठं?”

चौतीस वर्षे मी शिकवले. हा प्रश्न पुस्तकात नव्हता. बनाकडे पाहिले. तीही माझ्याकडेच पाहत होती, रागाने नाही, खरोखर उत्तर हवे असल्यासारखी.

मी म्हणालो, “मला माहीत नाही.”

वर्गात हे मी पहिल्यांदा म्हणालो. मुलगी खाली बसली. कोणी हसले नाही. बना म्हणाली, “बसा सर, च्या ठेवते.”

बनाला मी काही देत नाही, कारण ती घेत नाही. तसे नमूद करतो.

कलम ७. कलम १ मी येथे दुरुस्त करतो. घराची रस्त्याकडची खोली, जिला बाहेरून स्वतंत्र दार आहे, ती वाटणीतून वगळावी. ती कोणाच्याही नावे करू नये, भाड्याने देऊ नये, तिच्यात कडबा भरू नये. अकरावीतली किंवा अकरावी झालेली कोणतीही मुलगी, कोणत्याही जातीची, सही न केल्यामुळे किंवा दुसऱ्या कारणाने घरी जाऊ शकत नसेल, तर तिला तेथे राहू द्यावे. किती दिवस, ते मला ठरवता आलेले नाही. अशी खोली ठेवणे कायद्यात बसते की नाही तेही नक्की माहीत नाही. तिचा भाऊ दारात आला तर त्याला काय सांगावे, याबद्दल मी चार वेळा लिहिले आणि चार वेळा खोडले.

वामनला हे कलम वाचून दाखवले. तो म्हणाला, “बाबा, गाव काय म्हनंन?” मी म्हणालो, काय म्हणेल ते मला सांगता येत नाही. तो उठून वावरात गेला. कौशल्येला पत्र टाकले आहे, उत्तर यायचे आहे.

अन्नपूर्णाबाई चुलीपाशी बसून सर्व ऐकत होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या शिकवण्याबद्दल त्या कधी बोललेल्या नाहीत. म्हणाल्या, “त्या खोलीले आतून कडी नाही. पोर झोपंन कशी? ते आधी करा, मंग कागद लिहा.”

कारभारी सुतारांना बोलावून आज सकाळी कडी बसवून घेतली. नंतर हा कागद पुरा केला.

वरील मजकूर मी जाणतेपणी लिहिला. पूर्वी कुठे काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे. अर्जनवीसाचा कागद मी सहीविना परत केला आहे.

ठिकाण : जानेफळ
दिनांक : ११ फेब्रुवारी १९६८, रविवार

सही
जानराव पुंजाजी अवचार

साक्षीदार, ज्यांच्या समोर मी सही केली व ज्यांनी माझ्या समोर केली :
१. कारभारी सखाराम, सुतारकाम, जानेफळ (सही)
२. अंबूबाई, शेजारी, जानेफळ (डाव्या अंगठ्याची निशाणी)