ठोके ऐकू येईपर्यंत

सोमवार, ६ जानेवारी. संध्याकाळी ७.१५

आज क्रांतीला घेऊन सांगलीला जाऊन आले. सोनोग्राफी. सून गरोदर आहे, सहावा आठवडा. ही वही माझी एकटीची आहे, तरी खबरदारी म्हणून कव्हरवर 'जुने वेळापत्रक' असं लिहून ठेवलं आहे.

डॉक्टरीणबाई फारच तरुण. पडद्यावर एक काळा ठिपका दाखवला. पिशवी दिसते आहे, ठोके अजून नाहीत, तारीख पुढेमागे असू शकते, बारा दिवसांनी या म्हणाल्या. मी विचारलं, मग आज आम्ही काय समजायचं? त्या म्हणाल्या, आज काहीच समजायचं नाही. छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. असं उत्तर पोरांनी पेपरात लिहिलं असतं तर शून्य मिळालं असतं.

येताना गाडीत क्रांती आष्ट्याची वेस आल्यावर म्हणाली, "आई, ठोके ऐकू येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. कुणालाच म्हणजे कुणालाच."

हे मला सांगायची गरज नव्हती. मागच्या वेळी, दोन वर्षांपूर्वी, बातमी फार लवकर फुटली. नवव्या आठवड्यात सगळं थांबलं, आणि पुढे तीन महिने अख्खं गाव चौकशी करत राहिलं. बातमी कुठून फुटली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी तर फक्त पेढे वाटले होते. तेही कारण न सांगता.

या वेळी पूर्ण मौन. माहीत असणारे: मी, क्रांती, ऋषिराज (मुलगा, फौजेत, सध्या आसामात) आणि हंबीरराव (नवरा, रिटायर्ड सुभेदार). एकूण चार. चाराचे पाच होणार नाहीत.

मंगळवार, ७ जानेवारी

दुपारी लोणंदहून दीपमालाचा फोन. माझी धाकटी बहीण. फोन तिने केला, मी नाही, याची नोंद घ्यावी. तिने विचारलं, काय विशेष? खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही. चाळीस मिनिटं बोललो. तिला शपथ घातली आहे. शिवाय लोणंद जिल्ह्याबाहेर आहे, त्यामुळे ती धरायची नाही.

एकूण चार.

गुरुवार, ९ जानेवारी. सकाळी ६.४०

रंगुबाईने विचारलं, आजपासून अर्धा लिटर दूध जास्त कशाला? प्रश्न सरळ होता. रंगुबाई आटपाडीकडची, नऊ वर्षं आमच्याकडे दूध घालते. साक्षरता वर्गात माझी पहिल्या नंबरची विद्यार्थिनी होती, मी स्वतः तिला पास केलं आहे. शिकलेल्या बाईपासून काय लपवायचं? शिवाय ती संक्रांतीआधी माहेरी जाणार, वाटेत खरसुंडी. तिथल्या नाथाला पाच नारळ ठेव म्हटलं. हा नवस नाही. मी नवस मानत नाही. जाता जाता होणारं काम आहे. पण नारळ कशासाठी ते सांगितल्याशिवाय ती ठेवणार कशी?

रंगुबाई म्हणाली, "बाई, ह्या कानाचं त्या कानाला कळायचं न्हाई." ती रोज पस्तीस घरांत जाते, पण बोलणारी नाही. आणि ती घरचीच, म्हणून धरायची नाही.

हंबीररावांना ताकीद द्यायला गेले, कुठे बोलला नाहीत ना? ते दाढी करत होते. म्हणाले, ऑर्डर म्हंजे ऑर्डर. बोलता बोलता कळलं की क्रांतीने त्यांना माझ्या दोन दिवस आधी सांगितलं होतं. मी त्या दिवशी शेतावर असेन.

शनिवार, ११ जानेवारी

मी अजिबात काळजीत नाही. काल विळी फ्रीजमध्ये सापडली, ती दुसऱ्या कारणाने.

दुपारी एक प्रयोग केला. हंबीररावांच्या बीपी मशीनसोबत आलेला स्टेथोस्कोप आहे. बारा दिवस थांबायची गरज काय, ध्वनीचे नियम सगळीकडे सारखेच. क्रांती पतसंस्थेतून येऊन आडवी झाली होती. तिने आधी नको म्हटलं, मग हसली आणि हो म्हणाली. मी सगळ्यांना गप्प केलं. पंखा बंद, कुकर बंद, हंबीररावांना खोकायची मनाई. आणि ऐकू आलं. स्पष्ट. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर.

मी जाहीर करणार एवढ्यात क्रांती म्हणाली, "आई, ते माझे आहेत."

शक्यता नाकारता येत नाही. पुस्तक काढून पाहिलं, बाळाचे दीडशेच्या घरात असायला हवेत. दीडशे म्हणजे जवळपास दुप्पट. म्हणजे निम्मे तरी ऐकू आले, असं म्हणता येईल.

सोमवार, १३ जानेवारी

गल्लीत वागण्यात फरक जाणवतो. आज चार बायकांनी भेटून आवळ्याचा मोरावळा दिला. चौघींनी वेगवेगळा. थंडीत पित्त वाढतं, लोक काळजी घेतात. आष्ट्यात अजून माणुसकी आहे.

रंगुबाई माहेराहून आली. नारळ ठेवले. पुजाऱ्याने नाव विचारलं तर तिने आमचं आडनाव, गाव आणि गल्ली सांगितली. त्या वेळी तिथे आष्ट्याचेच दहा-बारा जण होते. योगायोग.

गुरुवार, १६ जानेवारी. रात्री ८

संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं. बत्तीस बायका. वाणाला काय द्यायचं ते मी सांगलीला गेले तेव्हाच घेऊन ठेवलं होतं. प्लॅस्टिकच्या डब्या आणि गाळण्या देऊन देऊन लोकांनी वाणाची रया घालवली आहे. मी स्टीलची बोंडली दिली. छोटं, चोचीचं, सुबक भांडं. आता बोंडल्याने तान्ह्या बाळाला दूध पाजतात हे मला माहीत आहे. पण दुकानात ते पाहिलं आणि पाय हलेना. निव्वळ स्टीलची जाडी पाहून. समईत तेल घालायला त्यासारखं दुसरं भांडं नाही.

गैरसमज नको म्हणून प्रत्येकीच्या हातात देताना मी स्पष्ट केलं की हे बाळासाठी नाही, आमच्याकडे तसं काहीही नाही. बत्तीस वेळा सांगितलं. शेवटी शेवटी घसा खरवडल्यासारखा झाला.

शेजारच्या बनुबाईने बोंडलं फिरवून पाहिलं, मग क्रांतीला आपादमस्तक पाहिलं. साडी खरंच छान होती. मग म्हणाली, "आवं, तिला कशाला हुबी ठेवलीया? बसवा की." त्यानंतर एकेक करून सगळ्यांनीच क्रांतीला बसायला सांगितलं. एकीने पाठीमागे उशी ठेवली. एकीने लिंबू दिलं.

कुणाला काही कळलेलं नाही. एकूण चार.

शुक्रवार, १७ जानेवारी

क्रांती कामावरून लवकर आली. पतसंस्थेत मॅनेजरने आपली खुर्ची दिली म्हणे, आणि शिपायाने तिला जिना चढू दिला नाही. लिफ्ट नाही तिथे. खुर्चीत बसवून दोघांनी उचलायची तयारी केली होती.

मला वाटलं रागावेल. रागावली नाही. शेंगा निवडत समोर बसली आणि खाली बघून म्हणाली, "मागच्या वेळी सगळं संपल्यावर लोक तुम्हाला नाही विचारायचे, आई. मला विचारायचे. दूध घेताना, बसस्टॉपवर, कौंटरवर पैसे भरताना. कितवा महिना म्हणून. दर वेळी नव्याने सांगावं लागायचं."

 मीही शेंगा निवडल्या. नासक्या शेंगा चांगल्यात टाकत होते, तिने उचलून वेगळ्या केल्या.

मग तिने विचारलं, "उद्या ठोके नसले तर?"

मी निवडलेल्या शेंगा पुन्हा सुपात ओतल्या आणि पहिल्यापासून निवडायला घेतल्या.

निर्धार (नवा, शेवटचा): उद्या एकही शब्द बोलणार नाही. रडणार तर नाहीच. मी रडत नाही. आईच्या वेळी रडले नाही, रिटायरमेंटच्या निरोप समारंभात रडले नाही. क्रांतीला धीर द्यायला एक तरी खंबीर माणूस हवं.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या नाहीत. घशाला शिस्त लावली की घसा सुधारतो.

शनिवार, १८ जानेवारी. सकाळी ५.५०

तयार. मन शांत. चपला दोन वेगवेगळ्या घातल्या होत्या, हंबीररावांनी दाखवलं.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६.३०

झालं ते क्रमाने लिहिते.

आत एकालाच सोडतात. क्रांतीने माझ्याकडे पाहिलं, हंबीररावांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आई, चला. हंबीरराव बाहेर बाकावर बसले. बाकावर बनुबाई आधीच होती. बीपी तपासायला आले म्हणाली. बीपी आष्ट्यातही तपासतात, पण मी मौनात होते.

खोलीत अंधार, थंडगार एसी. क्रांतीने माझा हात धरला. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ. एवढा वेळ कशाला लागतो? मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. एक लुकलुकणारा कण होता. अक्षरशः कण. तीळ म्हटलं तर मोठा होईल. त्या म्हणाल्या, हे बघा, आता ऐकवते. आणि बटण दाबलं.

यानंतर खोलीत एक मोठा आवाज झाला. म्हशीचं पारडू अडकल्यावर म्हैस हंबरते, तसा. मला वाटलं यंत्र बिघडलं. मग लक्षात आलं, मीच.

एसीने डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. ते सारखं जातच राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, जरा शांत, पुन्हा ऐकवते. पुन्हा ऐकवलं. पुन्हा डोळ्यांत गेलं. शेवटी त्यांनी कागदावर लिहून दिलं: मिनिटाला एकशे बावन्न. सगळं व्यवस्थित.

बाहेर आलो तेव्हा बनुबाई बाकावर नव्हती.

गाडीत क्रांती हसत होती आणि रडत होती. मग म्हणाली, "जावा आता, सांगा ज्याला सांगायचं त्याला. तुमच्या पोटात फार दिवस राहिलंय."

परवानगी मिळाली. लेखी घ्यायला हवी होती. गल्लीच्या तोंडाशीच मी गाडीतून उतरले, हंबीरराव गाडी लावायला क्रांतीसह पुढच्या मैदानात गेले. मी भराभरा चालत घरापाशी आले.

आमच्या ओट्यावर पंधरा-वीस बायका डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. मधोमध पाच घरांचं पिठलं आणि टोपलीभर भाकरी झाकून ठेवलेली. ज्या घरात वाईट घडलं, तिथे चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजारचे आणतात, ते. बनुबाईने दवाखान्यातल्या दारातून माझा आवाज ऐकला आणि तिथूनच फोन केला होता, शिवाय मिळेल ती गाडी धरून आमच्या आधी पोचलीही होती. आम्ही सांगलीच्या बाहेर पडायच्या आत आष्ट्यात पीठ कालवलं गेलं.

मी म्हणाले, अहो, सगळं छान आहे.

म्हणजे म्हणायला तोंड उघडलं. आवाज नाही. थोडी हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, एवढंच. बायकांनी हे पाहिलं आणि त्यांचा बांधच फुटला. तिघींनी मला मिठी मारली. बनुबाई म्हणाली, "वाचा बसली हो बाईंची." मी मान जोरजोराने हलवत नाही नाही म्हणत होते. त्यांनी मला धरून पाणी पाजलं.

मी सुटून आत गेले, शाळेतली जुनी पाटी काढली, ठळक अक्षरांत लिहिलं: 'बाळ सुखरूप. ठोके १५२.' बाहेर येऊन रंगुबाईच्या हातात दिली, मोठ्याने वाच असं खुणेने सांगितलं. माझी पहिल्या नंबरची विद्यार्थिनी. रंगुबाईने पाटी डोळ्यांसमोर धरली. उलटी. बराच वेळ ओठ हलवले. मग पाटी उराशी धरून म्हणाली, "लय सोसलं गं माझ्या बाईनं," आणि हमसून रडायला लागली.

तेवढ्यात हंबीरराव गल्लीतून आले. बारा दिवसांत ज्या माणसाने एक अक्षर काढलं नव्हतं, तो ओट्यासमोर परेडला उभा राहिल्यासारखा उभा राहिला आणि पार चौकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "बच्चा ठीक हाय. ठोके एकशे बावन्न. डोळं पुसा आन् पिठलं ठेवून जावा."

म्हणजे बातमी त्यांनी सांगितली. माझी बातमी.

पिठलं तीन घरांचं बरं होतं. क्रांतीने दोन भाकरी खाल्ल्या, पहिल्यांदाच मळमळ नाही म्हणाली.

रविवार, १९ जानेवारी. दुपारी

आवाज नाही. मिठाच्या गुळण्या चालू आहेत. दीपमालाचा फोन आला, हंबीररावांनी घेतला आणि चार वाक्यांत उरकला. मी बाजूला बसून ऐकलं.

सकाळी क्रांती चहा घेऊन आली, पायाशी बसली. तिने विचारलं, "ऐकलंत ना आई, कसे पळत होते? टपटप टपटप. घोड्यावाणी."

मी मान हलवली. हो.

खरं तर मी ऐकले नाहीत. पहिल्या वेळीही नाही आणि दुसऱ्या वेळीही नाही. माझ्या रडण्याच्या वर काहीच ऐकू येत नव्हतं. बारा दिवस ज्यासाठी जीव टांगणीला लागला, ते हातभर अंतरावर वाजत होतं आणि खोलीत गोंगाट करणारी मी एकटीच होते. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं, क्रांतीने ऐकलं, दाराबाहेर बसून बहुतेक हंबीररावांनीही ऐकलं असेल. पुढची सोनोग्राफी फेब्रुवारीत आहे. त्या वेळी तोंडात पदर कोंबून बसेन.

हे क्रांतीला कळता कामा नये. कुणालाच कळता कामा नये. या वेळी खरोखर कुणाला सांगणार नाही.

आवाज आला की रंगुबाईला सांगेन. पण ती काही धरायची नाही.