चुलीपुढं बसून राहिलेली म्हातारी

१६ जानेवारी ५८
धरणाचे साहेब पुन्हा आले. पावसाआधी गाव रिकामं करायचं. नवी जागा सिंदीच्या बाजूला, माझी शाळाही तिकडेच हलणार. साहेब समजावत होते तेव्हा आई अंगणात तूर पाखडत होती. सगळं ऐकलं, सूप काही थांबलं नाही. शेवटी म्हणाली, "मी काई इथून हालत नाई." साहेब हसले. मी नाही हसलो. आईला मी ओळखतो.

२७ जाने.
वर्ध्याला धरणावरचा रंगीत सिनेमा लागलाय. सेलूचे हेडमास्तर पाहून आले. म्हणाले, तीन तास माणूस जागचा हलत नाही. गाव पाण्याखाली जातं, लोक नव्या गावात सुखानं नांदतात. मनात आलं, आईला दाखवावा. सुमनलाही पटलं. "तुमचं तं माय आयकतच नाई, सिनेमाचं तरी आयकन." बायकोचा माझ्यावर केवढा विश्वास!

२ फेब्रु.
पाहिला. सिंदीपर्यंत बैलगाडी, पुढं पॅसेंजर. शेजारचा सोमा मडावीही आला. आई जन्मात पहिल्यांदा टॉकीजमध्ये. सुमनबरोबर बायकांच्या बाजूला बसली.

सिनेमा मोठाच. हजारो माणसं दगड फोडतात, डोंगर उडतो तेव्हा खुर्ची हादरते. पण हेडमास्तरांनी एक गोष्ट सांगितलीच नव्हती. नायकाची म्हातारी आई घर सोडत नाही. चुलीपुढं बसून राहते. पाणी उंबऱ्याशी, मग चुलीत. विस्तव विझतो. आणि धरणाची दारं बंद करायचा हुकूम मुलाचाच, तो तिथला इंजिनिअर. चूक कुणाची ते सांगतच नाहीत. एरवी शिट्ट्या मारणारी टॉकीज गप्प. आईकडं वळून पाहिलं, अंधारात दिसली नाही.

बाहेर बायका डोळे पुसत होत्या. आईचे कोरडे.

परतताना गाडीत सोमा तावातावानं म्हणाला, "मास्तर, त्या म्हातारीले वढून न्याचं होतं. पोरगा कायचा थो?"
आई म्हणाली, "तिनं बराबर केलं."
करायला गेलो काय आणि झालं काय.

११ फेब्रु.
आईनं भिंती सारवल्या. सोडून जायच्या घराच्या! सुमन तिच्या हातातून पोतेरं घ्यायला गेली तर म्हणाली, "तू तुयं काम कर."

८ मार्च
आई विहिरीवर बायकांना सिनेमा सांगते म्हणे. डोंगर, यंत्रं, गाणी सगळं गाळून फक्त म्हातारी. बायका घागरी भरायच्या विसरतात.
आज रागावलो. म्हटलं, माय, ती नटी आहे. पाण्यातून उठली, घरी गेली, जेवली.
"मले ठाव हाय. मी का येडी हाय?" थोडं थांबून, "तिले घरी जाता आलं. मी कुठं जाऊ?"
रात्री जेवलो नाही.

२० एप्रिल
सोमा घराचं लाकूड उतरवून घेऊन गेला. निम्मं गाव उघडं पडलंय. जाताना आईच्या पाया पडला, "तिकडं येजो काकू." तिनं फक्त डोक्यावर हात ठेवला.
सुमन म्हणते, उचलून गाडीत घाला. घालीनही. पण नवी जागा फार लांब नाही, म्हातारी चालत परत येईल. मी शाळेत असेन, पाणी चढत असेल. भीती वाटते. या विषयावर टॉकीजबाहेर लोक वाद घालत होते, चहा पीत...

२९ मे
ढग. साहेबांचा निरोप, आता थांबू नका.
आई पहाटेपासून आमचं सामान बांधत होती. लोणच्याची बरणी, सुमनची लुगडी, माझी पुस्तकं, सगळं नीट, चिंध्यांत गुंडाळून. स्वतःचं एक फडकंही नाही. गाडी भरली. बैल जुंपले. आई गाडीशी आली, मला वाटलं चढते आहे. हात घालून पाण्याचा पितळी गुंड चाचपला.
"एवढा एक राहू दे रे. मले पानी भराले लागन."
दिला. काय करणार होतो? सुमन रडते आहे, म्हणते माय आल्याबगर गाडी हाकायची नाही.
बैल खोळंबलेत. मी गाडीवर बसून हे लिहितोय. आई गुंड घेऊन विहिरीवर गेली आहे.